चीनचे राष्ट्र आणि चीनची जनता

राष्ट्रगीत ही बहुधा कोणत्याही देशातील निर्विवाद गोष्ट असते. सूर सुरू झाला की लोक उठून उभे राहतात, संपला की खाली बसतात; शब्दांच्या अर्थाकडे त्या क्षणी कोणाचे फारसे लक्ष नसते. चीनच्या राष्ट्रगीताची कथा मात्र इतकी सरळ नाही. १९३५ साली एका बोलपटासाठी तिएन हान ह्या नाटककाराने ते लिहिले आणि निए अर ह्या तेवीस वर्षांच्या संगीतकाराने त्यास चाल दिली. जपानने मांचुरिया आधीच गिळंकृत केला होता व उत्तर चीनवर त्याची दृष्टी होती. गुलामगिरी नाकारणाऱ्यांनी उठून पुढे चालावे, असा त्या गीताचा आशय. पुढे दोनच वर्षांनी जे युद्ध पेटले, ज्यात सेवा करण्यासाठी आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच कामी आले, त्या युद्धात हे गीत चिनी लोकांच्या ओठी होते. १९४९ साली नव्या राजवटीने तेच राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले.

पण ज्याने ते लिहिले त्याचे काय झाले? तिएन हान ह्यास १९३५ साली चँग कै-शेकच्या सरकारने तुरुंगात टाकले होते. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत कम्युनिस्ट राजवटीनेही त्यास कैद केले आणि १९६८ च्या डिसेंबरात तो कैदेतच मरण पावला. ज्या गीतावर राष्ट्र उभे राहत होते त्याचे शब्द त्या काळात उच्चारले जात नसत. केवळ सूर वाजे. १९७८ साली माओंचे नाव गुंफलेले नवे शब्द त्यावर बसविण्यात आले आणि १९८२ साली मूळचे शब्द पुन्हा परत आले. २०१७ साली राष्ट्रगीताच्या अवमानास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात उरुमची शहरातील नागरिक रात्री रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांनी हेच गीत आपल्याच अधिकाऱ्यांसमोर म्हटले.

एकच गीत सरकारही म्हणते आणि सरकारला जाब विचारणारेही म्हणतात. तेव्हा ते नेमके कोणाचे? चिनी राष्ट्रवादाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यात सीमाप्रश्न असतो, आरमार असते, व्यापार असतो. परंतु राष्ट्र कोणाचे, हा जो चीनमधील घरचा प्रश्न आहे त्याकडे क्वचितच लक्ष जाते. वास्तविक बाहेरच्या चीनचे वर्तन समजण्याची किल्लीही तेथेच आहे.

रयतेचे राष्ट्र

राष्ट्र ही कल्पना चीनमध्ये फार जुनी नाही. संस्कृती जुनी, लिपी जुनी, साम्राज्य जुने. पण बादशहाची रयत म्हणजे राष्ट्र, असे कोणास वाटत नव्हते. १८९५ साली जपानकडून झालेला पराभव, तैवान बेट हातचे जाणे आणि १८९८ च्या सुधारणांचा बीमोड ह्यांनंतर जपानात आश्रयास गेलेल्या लिआंग ची-चाओ ह्यांनी हे उणेपण प्रथम स्पष्टपणे मांडले. आपल्या देशास घराण्यांची नावे आहेत, देशाचे असे नाव नाही, ही त्यांची खंत होती. 'चुंग-ह्वा' राष्ट्र ही आज सर्वत्र ऐकू येणारी संज्ञा त्यांनीच १९०२ च्या सुमारास रूढ केली. राष्ट्र बुडाल्यावर लोकांची काय गत होते ह्याचे उदाहरण म्हणून त्या काळचे चिनी लेखक वारंवार पोलंडचे आणि हिंदुस्थानचे नाव घेत, हेही येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मात्र ह्या नव्या राष्ट्रात कोणाचा समावेश करावयाचा? राज्य करणारे छिंग घराणे मांचू होते. क्रांतिकारकांचा पहिला आवेश मांचूंना हाकलून हान लोकांचे राज्य आणण्याचा होता. १९११ च्या ऑक्टोबरात वुचांग येथे उठाव झाला, पुढील फेब्रुवारीत बालसम्राट पदच्युत झाला, आणि लगेच अडचण उभी राहिली. छिंग साम्राज्याचा निम्म्याहून अधिक प्रदेश मंगोल, तिबेटी आणि तुर्की वंशाच्या मुसलमानांचा. राष्ट्र हानांचे म्हणावे तर हा प्रदेश कोणत्या न्यायाने ठेवावयाचा? म्हणून प्रजासत्ताकाने पाच रंगांचा ध्वज उभारला आणि पाच जमातींचे ऐक्य जाहीर केले. घराणे मोडले, परंतु घराण्याने जिंकलेली सीमा राष्ट्राची म्हणून राहिली. ज्यांना त्या सीमेत ठेवले त्यांस मात्र कोणी विचारले नाही. तिबेट आणि शिंज्यांग येथील आजच्या दुखण्याचे मूळ येथे आहे. कम्युनिस्टांनी पुढे जमातींची गणती केली. १९५३ च्या जनगणनेत लोकांनी स्वतःची चारशेहून अधिक नावे सांगितली होती, त्यांतून निवड होत होत १९७९ पर्यंत छप्पन्न हा आकडा निश्चित झाला. आपण कोण आहोत हे लोकांनी सांगावयाचे, पण त्यावर शिक्का सरकारने मारावयाचा, हा प्रघात तेव्हापासूनचा.

जुळी भावंडे

तरीही एक गोष्ट निःसंशय आहे. चीनमध्ये राष्ट्रवाद आणि लोकशाही ह्यांचा जन्म जुळ्या भावंडांसारखा झाला. डॉ. सन्-यत्-सेन ह्यांच्या तीन तत्त्वांत राष्ट्र पहिले आणि लोकसत्ता दुसरे होते. तिसरे लोकांची उपजीविका. १९१२-१३ च्या हिवाळ्यात चीनमध्ये निवडणुका झाल्या. मताधिकार मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्या पुरुषांनाच होता, तरी मतदारांची संख्या सुमारे चार कोटींची होती. क्वो-मिन्-तांग पक्षास सर्वाधिक जागा मिळाल्या. ज्यांच्याकडे पंतप्रधानपद जाण्याची चिन्हे होती त्या सुंग च्याओ-रेन ह्यांच्यावर १९१३ च्या मार्चमध्ये शांघायच्या रेल्वे स्थानकावर गोळी झाडण्यात आली आणि दोन दिवसांनी त्यांचा अंत झाला. अध्यक्ष युआन शी-काय ह्यांनी पुढे स्वतःस सम्राट म्हणवून घेतले. ते साम्राज्य काही आठवड्यांतच आटोपले, पण निवडणुकीचा तो धागा तुटला तो तुटलाच.

ह्यानंतरचा प्रसंग ४ मे १९१९ चा. पहिल्या महायुद्धात चीनने मित्रराष्ट्रांच्या मदतीस सुमारे १ लाख ४० हजार मजूर युरोपात पाठविले होते. मोबदला म्हणून शांतुंग प्रांतातील जर्मनांचे हक्क परत मिळतील अशी आशा होती. व्हर्सायच्या तहाने ते जपानच्या पदरात टाकले. पेकिंगचे सुमारे तीन हजार विद्यार्थी तिएनआनमेनपाशी जमले आणि जपानधार्जिण्या मंत्र्याचे घर त्यांनी पेटवून दिले. पुढे शांघायचे दुकानदार व कामगार संपावर गेले, तीन अधिकारी बडतर्फ झाले आणि चिनी शिष्टमंडळाने तहावर सही केली नाही. परकीयांविरुद्धचा हा संताप होता, त्याचप्रमाणे स्वकीय सत्ताधाऱ्यांकडे मागितलेला हिशेबही होता. लोकांच्या नावाने लोकांना न विचारता देश गहाण टाकण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, हा त्या विद्यार्थ्यांचा सवाल होता. त्याच वर्षी 'नवयुवक' मासिकाचे संपादक चेन तु-शिउ ह्यांनी लोकशाही आणि विज्ञान ह्या दोन 'महाशयां'वाचून चीनला तरणोपाय नाही असे लिहिले. दोनच वर्षांनी चिनी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले पुढारी हेच चेन होते.

म्हणजे आज जो पक्ष चीनवर राज्य करतो तो ह्याच चळवळीच्या कुशीत वाढलेला आहे. ४ मे हा दिवस तो दरवर्षी युवकदिन म्हणून साजरा करतो. त्यातील देशभक्ती मात्र त्याने ठेवली आणि हिशेब मागण्याचा भाग बाजूस सारला.

'आधी राष्ट्र, मग लोकशाही'

हे कसे घडले? केवळ जुलमाने घडले असे म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. त्यामागे एक युक्तिवाद होता आणि तो थोर माणसांनी प्रामाणिकपणे मांडलेला होता. १९०३ साली लिआंग ह्यांनी अमेरिकेचा प्रवास केला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वस्तीची दुर्दशा पाहून, आपले लोक प्रजासत्ताकास अद्याप लायक नाहीत, त्यांस काही काळ खंबीर एकतंत्री सत्ताच हवी, असे त्यांचे मत बनले. सन्-यत्-सेन ह्यांनीही चिनी समाजास वाळूच्या सुट्या कणांची उपमा दिली. व्यक्तीला स्वातंत्र्य पुष्कळ झाले, आता ते राष्ट्राला हवे, असे ते १९२४ च्या व्याख्यानांत म्हणाले. प्रथम लष्करी अंमल, मग पक्षाने जनतेस शिकविण्याचा पालकत्वाचा काळ आणि अखेरीस संविधान, अशा तीन पायऱ्या त्यांनी आखल्या. १९२८ साली चँग कै-शेक ह्यांनी पालकत्वाचा काळ सुरू झाल्याचे जाहीर केले. मुदत ठरली सहा वर्षांची. १९३५ साल आले आणि गेले.

ह्या युक्तिवादात एक मेख आहे. विद्यार्थी उत्तीर्ण झाला की नाही हे मास्तरच ठरविणार आणि तो उत्तीर्ण होताच मास्तरांची नोकरी जाणार, असे असेल तर परीक्षेचा निकाल कधीच लागत नाही. १९४९ नंतर पक्ष बदलला, भाषा बदलली, पण पालकत्व कायम राहिले. त्याने कामे केली नाहीत असे नव्हे. परक्यांच्या सवलती संपविल्या, देश एका सूत्रात आणला, १९७८ नंतरच्या चाळीस वर्षांत जवळजवळ ऐंशी कोटी माणसे दारिद्र्याच्या रेषेवर आली. चिनी माणसाचा आजचा अभिमान सगळा सरकारने पढविलेला आहे असे जे मानतात ते स्वतःची फसवणूक करून घेतात. परंतु १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे भुकेने मेली तीही ह्याच पालकत्वाखाली, आणि त्याचा हिशेब मागण्याची सोय कोणासही नव्हती.

अखेरच्या वर्षांत ही मेख चेन तु-शिउ ह्यांच्या ध्यानात आली होती. पक्षाने १९२९ साली त्यांस काढून टाकले, चँगच्या सरकारने त्यांस तुरुंगात डांबले. १९४२ साली ते हालअपेष्टांत मरण पावले. त्यापूर्वी मित्रांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनी, विरोधी पक्षास स्वातंत्र्य नसेल तेथे लोकशाहीचे नाव पोकळ आहे, मग सत्ता कोणत्याही वर्गाची असो, असा निष्कर्ष मांडला आहे. पक्षाच्या पहिल्या पुढाऱ्याचे हे अखेरचे मत होय.

देशभक्ताची व्याख्या

१९८९ च्या ४ मे रोजी विद्यार्थी पुन्हा तिएनआनमेन चौकात होते. सत्तर वर्षांपूर्वीच्या चळवळीचे आपण वारस आहोत असे त्यांनी जाहीरनाम्यातून सांगितले. आपल्याला देशभक्त म्हणावे, दंगलखोर म्हणू नये, हा त्यांचा हट्ट होता. उपोषणाची एक मागणी तीच होती. जूनच्या ३-४ तारखेच्या रात्री सैन्याने त्यास उत्तर दिले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९४ साली, शाळाशाळांतून देशभक्तीच्या शिक्षणाचा विस्तृत कार्यक्रम सुरू झाला. त्यात अफूच्या युद्धापासून १९४९ पर्यंतच्या अवमानाचे शतक हा मुख्य धडा. तो इतिहास खोटा नाही. चीनचा अवमान खरोखरच झाला. पण अवमान करणारे सर्व परके आणि तो पुसणारा एकच पक्ष, एवढेच त्यातून मुलांच्या मनावर ठसते. २०२४ च्या १ जानेवारीपासून देशभक्तीच्या शिक्षणाचा स्वतंत्र कायदाही अमलात आला आहे.

व्याख्या कशी आकुंचित होत गेली हे हाँगकाँगात स्पष्ट दिसते. १९८४ साली तेंग शियाओ-पिंग ह्यांनी देशभक्ताची व्याख्या उदार केली होती. जो स्वतःस चिनी मानतो, हाँगकाँग परत येण्यास पाठिंबा देतो आणि तेथील भरभराटीस बाध आणीत नाही तो देशभक्त. मग तो भांडवलशाहीवादी असो की सरंजामशाहीवादी. २०२१ साली 'देशभक्तांनीच कारभार करावा' ह्या तत्त्वाने तेथील निवडणुकीचे नियम बदलले. नव्वद जागांपैकी केवळ वीस थेट लोकांच्या मताने भरावयाच्या, आणि उमेदवार देशभक्त आहे की नाही हे समितीने आधी तपासावयाचे. त्या निवडणुकीत मतदान तीस टक्क्यांच्या आसपास झाले. त्याआधीच्या, २०१६ च्या निवडणुकीत ते अठ्ठावन टक्के होते. हाँगकाँगात १९९० पासून २०१९ पर्यंत दर ४ जूनला हजारो लोक मेणबत्त्या लावून मृतांचे स्मरण करीत. ते स्मरण घडवून आणणाऱ्या संस्थेच्या नावातच 'चीनची देशभक्त लोकशाही चळवळ' हे शब्द होते. २०२१ च्या सप्टेंबरात ती संस्था विसर्जित करावी लागली. देशभक्त आणि लोकशाही हे दोन शब्द एका नावात शेजारी नांदत असलेले ते बहुधा चिनी भूमीवरील अखेरचे ठिकाण असावे.

तैवानची साक्ष

ह्यावर काही अभ्यासक असे म्हणतात की चीनमध्ये लोकशाही आली तर राष्ट्रवाद अधिकच भडकेल. आजचे सरकारच त्यास आवर घालीत आहे. १९९९ साली बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर अमेरिकेचे बाँब पडून तीन पत्रकार मेले तेव्हा, किंवा २०१२ साली सेंकाकू बेटांवरून, रस्त्यावर उसळलेले जमाव पाहिले म्हणजे ह्या म्हणण्यात तथ्य वाटते. २०१२ साली शीआन शहरात जमावाने एका चिनी माणसासच, त्याची गाडी जपानी बनावटीची म्हणून, डोके फुटेपर्यंत मारले. पण जेथे परक्याविरुद्धचा राग तेवढाच सरकार काही काळ चालवून घेते तेथे सर्व राग त्याच वाटेने वाहणार. त्यावरून लोकांच्या मनाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

खरा पुरावा पाहावयाचा तर तैवानकडे पाहावे. १९४९ साली चँग कै-शेक पालकत्वाचा तोच युक्तिवाद बरोबर घेऊन त्या बेटावर गेले. अडतीस वर्षे तेथे लष्करी कायदा होता. मुलांस शाळेत घरची बोली बोलण्यास बंदी होती आणि आपण चिनीच आहोत हे त्यांस घोकावे लागे. १९८६ साली विरोधकांनी बंदी न जुमानता पक्ष काढला, १९८७ साली लष्करी कायदा उठला आणि १९९६ च्या मार्चमध्ये, चीनची क्षेपणास्त्रे नजीकच्या समुद्रात पडत असताना, लोकांनी प्रथमच आपला अध्यक्ष थेट निवडला. त्यानंतर सत्ता तीनदा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे शांतपणे गेली आहे. पालकत्वाची मुदत खरोखर संपलेले चिनी भाषेचे हे एकच राज्य. आणि तेथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. तैपेईचे चेंगची विद्यापीठ १९९२ पासून लोकांस विचारीत आले आहे की आपण स्वतःस काय समजता. त्या वर्षी केवळ चिनी म्हणविणारे सुमारे पंचवीस टक्के होते, केवळ तैवानी म्हणविणारे अठरा टक्क्यांच्या घरात, आणि उरलेल्यांतील बहुतेक दोन्ही म्हणविणारे. अलीकडच्या वर्षांत केवळ तैवानी साठ टक्क्यांच्या वर गेले आहेत आणि केवळ चिनी तीन टक्क्यांच्याही खाली आले आहेत. भाषा तीच आहे, देव तेच आहेत, सणवार तेच आहेत. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की लोक वारंवार मत देऊ लागले आणि ज्या समाजात आपले मत मोजले जाते तोच आपला, असे त्यांस वाटू लागले.

बीजिंगच्या भीतीचे कारण येथे उघड होते. तैवानचे बेट लहान आहे, पण तेथे जो प्रश्न लोकांस विचारला जातो तो फार मोठा आहे. तोच प्रश्न ल्हासात, काशगरमध्ये किंवा खुद्द शांघायमध्ये विचारला गेला तर काय उत्तर येईल, हे कोणास ठाऊक नाही. कदाचित शांघायचे उत्तर पक्षास अनुकूलही येईल. पण विचारण्याचा धोका पत्करण्यास सत्ता तयार नाही, आणि जे राष्ट्र आपल्या लोकांस प्रश्न विचारण्यास भिते ते शेजाऱ्यांशीही निश्चिंतपणे वागू शकत नाही. हिमालयावर उभे राहून चीनकडे पाहणाऱ्या आपणांस ह्या गोष्टीचा विसर पडू नये.

आपल्यापुरते बोलावयाचे तर लिआंग ह्यांचा युक्तिवाद आपल्याकडेही मांडला गेला होता. लोक निरक्षर आहेत, जातीपातींत विभागलेले आहेत, त्यांस मत कशाला? आपल्या संविधानकारांनी तो मानला नाही. १९५१-५२ च्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदारांची नावे यादीत होती. त्यांत बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जी माणसे चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत महाराजांची रयत होती तीही होती. त्यांस आधी शिकवून मग मत दिले नाही. मत देता देता ती नागरिक झाली. ह्यात आत्मप्रौढीचे कारण नाही, कारण देशभक्तीची प्रमाणपत्रे वाटण्याची हौस कोणत्याही देशात उद्भवू शकते. चीनचा इतिहास वाचावयाचा तो ह्यासाठीही.

शेवटी उरुमचीच्या त्या रात्रीकडे येऊ. तेथे शंभरावर दिवस लोक साथीच्या निर्बंधांखाली घरांत कोंडलेले होते. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी एका इमारतीस आग लागून दहा माणसे मेली. ती उईघुर वस्तीतील होती. दुसऱ्या रात्री रस्त्यावर आलेल्यांत हान बहुसंख्य होते. शांघायमध्ये त्या शहराचेच नाव असलेल्या रस्त्यावर लोक फुले घेऊन जमले, त्यांनी हातांत कोरे कागद धरले. बीजिंगमध्ये कोणी तरी जमावास परकीय शक्तींपासून सावध राहण्यास सांगितले, तेव्हा परकीय शक्ती म्हणजे मार्क्स आणि एंगल्स काय, असा उलट सवाल आला. दोन आठवड्यांच्या आत निर्बंध सैल झाले; पुढे कोरे कागद धरणाऱ्यांपैकी कित्येकांस पोलिसांनी उचलले. पण शिंज्यांगमधील मृतांसाठी शांघायचे लोक रडले, हे छप्पन्न जमातींच्या ऐक्याच्या कोणत्याही समारंभास साधले नव्हते. तिएन हानचे गीत त्या रात्री ज्यांनी म्हटले त्यांस ते कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. त्याचा अर्थ त्यांस ठाऊक होता.